खात्रीभाऊ पास झाला, पण कसा?

पत्र सोमवारी दुपारी आलं. खात्रीभाऊने ते आधी पाकिटासकट उजेडाकडे धरलं. मग फोडलं, आतलं पत्र आणि सर्टिफिकेट दोन्ही वाचलं, परत वाचलं. मग शिक्क्यावरून ओला अंगठा फिरवून शाई पसरते का ते पाहिलं. पसरली. म्हणजे शिक्का छापील नव्हता, हाताने मारलेला होता, म्हणजे खरा असावा. पण लगेच त्याच्या मनात आलं, खोटा शिक्काही हातानेच मारतात की!

"काय लिहिलंय?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"पास लिहिलंय."

आत भांडं पडलं. बायको ओल्या हातांनीच बाहेर आली. "अगंबाई! आणि असे काय बसलाय मग? पास झालात ना?"

"पास लिहिलंय म्हटलं," खात्रीभाऊ म्हणाला. "झालोय की नाही ते बघावं लागेल."

आता हा माणूस असा का, हे सांगितल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. त्याला खऱ्या नावाने हाक मारणारं आसपासच्या चार गल्ल्यांत कुणी उरलं नव्हतं. कुणी काहीही सांगितलं की "खात्री केली का?" हा त्याचा पहिला प्रश्न, म्हणून खात्रीभाऊ. बसमध्ये चढताना तो कंडक्टरला विचारी ही बस कुठे जाते, आणि आत बसल्यावर शेजारच्याला विचारी, कंडक्टर खरं बोलला ना? एकदा दाताच्या डॉक्टरने चिमटा उचलला तेव्हा याने त्याचा हात धरला आणि म्हणाला, दुखणारा दात हाच, हे कशावरून? डॉक्टर जाम भडकला. पण परत पाहिलं तर दुखणारा दात खरंच शेजारचा निघाला. त्या दिवसापासून घरात कुणाला बोलायची सोय राहिली नाही.

तो एका मोठ्या लाँड्रीत कामाला होता. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येत, गाड्याच्या गाड्या. धुवायला वाफ, सुकवायला वाफ, इस्त्रीला वाफ, आणि ती सगळी वाफ तयार करणारा बॉयलर मागच्या अंगाला एका पत्र्याच्या खोलीत. बॉयलर पेटवायचा तर सर्टिफिकेटवाला माणूस हजर लागतो, तसा कायदाच आहे. तो माणूस म्हणजे वस्ताद. खात्रीभाऊ त्यांच्या हाताखाली चौदा वर्षं हेल्पर. काम सगळं येत होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी कुठला कॉक कुठे फिरतो ते त्याने सांगितलं असतं. पण सर्टिफिकेट नाही, म्हणजे हेल्पर तो हेल्परच.

आणि वस्ताद येत्या शनिवारी निवृत्त होणार होते.

मॅनेजरने स्पष्ट सांगून ठेवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सर्टिफिकेट टेबलावर आलं तर जागा तुमची, नाहीतर एका अठ्ठावीस वर्षांच्या मुलाचा अर्ज येऊन पडलाय. खात्रीभाऊ सेहेचाळीस वर्षांचा. तो अठ्ठावीस वर्षांचा एकदा येऊन बसला की पुढची तीस वर्षं हलणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. हे त्याला कळत होतं, बायकोला कळत होतं, आणि तरीही हा माणूस हातातला कागद उलटसुलट करत बसला होता!

त्याला कारण होतं. एक नाही, तीन.

पहिलं कारण वस्तादांचा डावा हात. मनगटापासून कोपरापर्यंत ती कातडी चुरगाळून परत पसरलेल्या कागदासारखी दिसे. फार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात कुणीतरी मामाच्या ओळखीने सर्टिफिकेट मिळवलं होतं. त्याने बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेत पाहिलं, ठीक आहे म्हणाला आणि चहाला गेला. काचेत पाणी होतं, बॉयलरमध्ये नव्हतं. पुढे जे झालं त्यात वस्तादांचा हात गेला नाही एवढंच. खात्रीभाऊ पहिल्या परीक्षेला बसला तेव्हा तो हात हातात घेऊन त्याने शब्द दिला होता, "मिळालं तर माझ्या लायकीने मिळेल. वशिल्याचं मिळालं तर फाडून टाकीन."

दुसरं कारण, तो अकरा वेळा नापास झाला होता.

अकरा! दर वर्षी एकदा, त्याच महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी. तोंडी परीक्षा आधी असे आणि तिच्यातच त्याचं घोडं अडे, बॉयलरपर्यंत गाडी कधी पोचलीच नाही. पहिल्या वर्षी घसा असा कोरडा पडला की स्वतःचं वय सांगता येईना. दुसऱ्या वर्षी वय सांगितलं, बाकीचं राहिलं. तिसऱ्या वर्षी साहेबांनी विचारलं, प्रेशर एकदम वाढलं तर काय कराल, आणि याने विचारलं, काटा बरोबर आहे याची खात्री केली का? साहेब म्हणाले, प्रश्न मी विचारतो. चौथ्या वर्षी विचारलं, सकाळी ड्युटीवर आल्यावर सगळ्यात आधी काय करता? याने खरं ते सांगितलं, "वहीत सही करतो." साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "आणि तोवर बॉयलर काय करतो? तुमच्या सहीची वाट बघतो?"

ते वाक्य त्याला फार लागलं. घरी येऊन जेवला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून लाँड्रीत पाय ठेवला की खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली न ठेवता तो आधी बॉयलरच्या काचेकडे जायचा. ही काच म्हणजे बॉयलरच्या अंगाला उभी लावलेली जाड नळी, आत पाणी किती ते तिच्यात दिसतं. तिच्या तळाचा कॉक उघडून तो पाणी सोडून द्यायचा, कॉक बंद करायचा आणि पाणी परत चढतं का ते बघायचा. चढलं तर काच खरी. मग पिशवी, मग सही, मग चहा. वस्ताद हसायचे. "अरे, पाच मिनिटांपूर्वी मी बघितलंय!" "असेल," हा म्हणायचा, आणि कॉक फिरवायचा. आठ वर्षं, रोज.

प्रत्येक नापासाचं त्याने असंच केलं. जे चुकलं ते वर्षभर घोटायचं. बायको चादरीच्या घड्या घालता घालता पुस्तक मांडीवर घेऊन प्रश्न विचारी आणि हा भिंतीकडे तोंड करून उत्तरं देई. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत बायकोला पुस्तक बघायची गरज उरली नाही. ती परीक्षेला बसली असती तर पहिल्या झटक्यात पास झाली असती, आणि हे तिचा भाऊ येता-जाता बोलून दाखवी. ते ऐकून खात्रीभाऊच्या नाकाला मिरच्या झोंबत.

तिसरं कारण, बाराव्या वेळी काय घडलं ते.

या वर्षी साहेब नवे होते. काटकुळे, चष्मा, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. त्यांनी पद्धतच उलटी केली. आधी बॉयलर, मग तोंडी. बत्तीस उमेदवार बाहेर बाकांवर बसलेले, एकेकाला आत बोलावणं. खात्रीभाऊचा नंबर आला. आत बॉयलर चालू, एका बाजूची काच फडक्याने झाकलेली, तिच्याजवळ एक माणूस स्टुलावर बसलेला, दुसऱ्या बाजूची काच उघडी. साहेब हातात कागद घेऊन उभे. काही विचारतील म्हणून खात्रीभाऊ क्षणभर थांबला. साहेब गप्प. तेवढ्यात त्याची नजर काचेवर गेली. पाणी अर्ध्यावर होतं, चांगलं होतं. पण हलत नव्हतं. चालू बॉयलरचं पाणी जरा तरी थरथरतं.

पिशवी खांद्यावरच होती. हात आपोआप तळाच्या कॉककडे गेला. पाणी सुटलं. कॉक बंद केला. पाणी परत चढायला हवं होतं. नाही चढलं.

त्यानंतर खात्रीभाऊला कोण साहेब आणि कोण उमेदवार याचं भान राहिलं नाही. "बंद करा!" असं ओरडत त्याने स्वतःच बर्नर बंद केला, स्टुलावरच्या माणसाला बाजूला सारलं, वाकून पाहिलं आणि बॉयलरमधून काचेत पाणी आणणारा कॉक बंद सापडला तसा साहेबांवरच उसळला. "कुणी सांभाळलंय हे? काच पुसताना कॉक फिरवून ठेवलाय, आणि वर परीक्षा घेताय? ज्याने हे केलं त्याला आधी नापास करा!"

साहेबांचे कान लाल झाले. ते फक्त म्हणाले, "झालं तुमचं. जा."

"आणि तोंडी?"

"जा म्हटलं ना."

हा घरी आला तो तोंड पाडून. सरकारचा बॉयलर बंद पाडला, साहेबांना त्यांच्याच माणसासमोर झापलं, तोंडी तर झालीच नाही. "गेलं हेही वर्ष," म्हणाला, आणि रागारागाने पिशवी कपाटामागच्या फटीत भिरकावली. तिथे खळ्ळकन काहीतरी वाजलं.

"काय फुटलं?" त्याने विचारलं.

"काही नाही," बायको घाईने म्हणाली. "जुनी वाटी असेल."

वाटी? कपाटामागे? तेव्हा तो फार खचलेला होता म्हणून त्याने विषय सोडला. पण खात्रीभाऊच्या डोक्यात गेलेली गोष्ट कधी बाहेर पडत नसते. दोन दिवसांनी तो जिना चढत असताना मेहुणा खाली उतरत होता, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चपटं पार्सल. खात्रीभाऊला पाहून त्याने पार्सल दुसऱ्या काखेत घेतलं आणि म्हणाला, "या वेळी होणार बरं का, भावजी!" हा मेहुणा निरनिराळ्या ऑफिसांना वह्या, फायली आणि शिक्क्यांची शाई पुरवायचा. त्या परीक्षेच्या ऑफिसलासुद्धा.

बस्स! पत्र हातात घेऊन बसलेल्या खात्रीभाऊच्या डोक्यात सगळी गणितं जुळली. तोंडी परीक्षा झाली नाही आणि तरी पास. साहेबांना झापलं आणि तरी पास. पार्सल गेलं ऑफिसात. आणि ही म्हणते वाटी!

"तुझ्या भावाने कुणाला काय दिलं?" त्याने विचारलं.

बायकोचा चेहरा आधी कोरा झाला. मग तिला कळलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "काय म्हणालात?"

"त्या पार्सलात काय होतं ते सांग. मी डोळ्यांनी पाहिलंय. अकरा वर्षं मी ढोरासारखी मेहनत केली ती तुझ्या भावाच्या जिवावर माणूस व्हायला नाही. माझ्या मागे हे धंदे कधीपासून चालू आहेत?"

आता हे बोलणं झालं का? ज्या बाईने अकरा वर्षं मांडीवर पुस्तक घेतलं तिला? ती दोन पावलं पुढे आली. वाटलं, आता फाडफाड बोलणार. पण ती एवढंच म्हणाली, "सांगणार नाही. तुम्हीच शोधा. तुम्हाला सवय आहे." आणि आत गेली. त्यानंतर मंगळवार, बुधवार, गुरुवार ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. ताट वाढायची, चहा ठेवायची, कपबशी जरा जास्तच जोरात ठेवायची, पण तोंड बंद. खात्रीभाऊला त्यातही संशय आला. खरं असतं तर बोलली असती, नाही का?

बुधवारी तो मेहुण्याच्या दुकानात गेला. मेहुणा वह्यांचे गठ्ठे मोजत होता.

"पार्सल कुठे नेलंस?"

मेहुण्याने गठ्ठा खाली ठेवला. "भावजी, त्यावर काही विचारू नका. ताईने शपथ घातलीय. सोमवारी संध्याकाळी येऊन सांगून गेली, मेलास तरी बोलायचं नाही."

"म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे."

"आहे ना! नाही कुठे म्हणतोय?"

"त्या परीक्षेच्या ऑफिसात तुझं जाणं-येणं आहे?"

"दर मंगळवारी. माल द्यायला." मेहुण्याला अचानक उमगलं की हे कुठे चाललंय, आणि त्या शहाण्याला हसू फुटलं. हसला तो हसला, वर म्हणाला, "भावजी, तुम्ही म्हणजे कमाल आहात!" त्या हसण्याने खात्रीभाऊच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तसाच निघाला. त्याची खात्री झाली. आयुष्यात पहिल्यांदा न तपासता झाली, हे मात्र त्याच्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने सर्टिफिकेट वस्तादांपुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. वस्तादांनी कागद उचलला. लाँड्रीत दिवसभर भिजून त्यांची बोटं पांढरी पडलेली असत, कागद ओला होऊ नये म्हणून त्यांनी तो कोपऱ्यांना धरला होता.

"मग? फाडतोस?" त्यांनी विचारलं.

"शब्द दिलाय तुम्हाला."

"शब्द वशिल्याच्या कागदाबद्दल होता. हा वशिल्याचा आहे, याची खात्री केलीस?"

"बायको सांगत नाही. मेहुणा हसतो."

"आणि ज्याने सही केलीय तो?" वस्तादांनी सहीवर बोट न टेकता बोट दाखवलं. "चौदा वर्षं बघतोय तुला. मी सांगितलेलं पाणी तू कधी मानलं नाहीस, कॉक उघडून बघितलंस. आणि इथे बाहेरून बघून मोकळा झालास! जा आणि विचार. पण कळेल ते सोसायची तयारी ठेवून जा. खोटं निघालं तर शनिवारी मी या खोलीची किल्ली त्या पोराला देईन. तुला नाही देणार."

विचारायला जायचं म्हणजे जागा जाण्याची पुरी शक्यता होती. गप्प राहिलं तर जागा त्याची होती, कुणी विचारणारही नव्हतं. रात्रभर त्याने कूस बदलली. भिंतीकडे तोंड करून झोपलेली बायकोही जागीच होती, हे त्याला कळत होतं. एकदा त्याच्या तोंडात आलं, "अगं, नुसतं नाही म्हण, मी मानतो." पण तो मानला नसता, आणि हे तिलाही माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी तो ऑफिसात जाऊन उभा राहिला. शिपायाने विचारलं, काय काम?

"मी पास झालोय. त्याची तक्रार आहे."

शिपायाने त्याच्याकडे वरून खाली पाहिलं. अशी तक्रार त्याच्या नोकरीत पहिलीच असावी. तासाभराने आत बोलावलं.

साहेब तेच, काटकुळे. खात्रीभाऊने सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच बोलला. "साहेब, तोंडी परीक्षा झाली नाही. मी तुमचा बॉयलर बंद पाडला. तुम्हाला नको ते बोललो. आणि मला पास केलंत. मला खरं सांगा, हे कुणाच्या सांगण्यावरून? माझा मेहुणा इथे वह्या देतो. त्याने काही दिलं असेल तर हे परत घ्या. मी परत बसेन."

साहेबांनी चष्मा काढला. "कोण मेहुणा?"

"वह्यावाला. मंगळवारी येतो."

"वह्यावाल्याला मी ओळखत नाही. मला इथे येऊन तीन महिने झालेत." त्यांनी घंटी वाजवून एक फाइल मागवली. चांगली जाडजूड फाइल, दोऱ्याने बांधलेली. वर खात्रीभाऊचं खरं नाव, आपलंच आहे हे ओळखायला त्यालाच वेळ लागला. "बसा," साहेब म्हणाले. "काचेचा तो कॉक कुणी पुसताना फिरवला नव्हता. मी बंद केला होता."

"तुम्ही?"

"मी. झाकलेल्या काचेजवळ माझा माणूस डोळ्यांत तेल घालून बसला होता, त्यामुळे भीती नव्हती. बत्तीस जण आत आले. एकतीस जणांनी काचेत पाहिलं आणि पाणी किती आहे ते मला सांगितलं. काहींनी तर न विचारता सगळं पुस्तक म्हणून दाखवलं. एकाने तळाचा कॉक उघडून पाहिला." साहेबांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "आणि मला नापास करायला सांगितलं."

खात्रीभाऊ खुर्चीत बसला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"बाहेर दहा जण बसले होते. तुम्हाला सांगितलं असतं तर बाहेर जाऊन तुम्ही बोलला असता. नसता बोलला?"

बोलला असता. सगळ्यांना खात्री करा म्हणून सांगत सुटला असता.

"आणि तोंडी?" खात्रीभाऊ सोडतोय थोडाच!

साहेबांनी फाइलीचा दोरा सोडला. आत अकरा वर्षांचे कागद होते, आधीच्या साहेबांच्या अक्षरात, याने काय सांगितलं आणि काय चुकलं. "हे मी तुमच्या परीक्षेनंतर रात्री बसून वाचलं. दर वर्षी आदल्या वर्षी चुकलेलं तुम्ही बरोबर सांगितलंय, आणि नवीन काहीतरी चुकवलंय. हे बघा, प्रेशर तिसऱ्या वर्षी चुकलं, चौथ्या वर्षी बरोबर. पंप सहाव्यात चुकला, सातव्यात बरोबर. सगळं मिळून अख्खं पुस्तक झालंय तुमचं. तोंडी माफ करायचा अधिकार मला आहे, फक्त त्याचं कारण लेखी द्यावं लागतं. मी हेच लिहिलंय." त्यांनी एक कागद काढून पुढे सरकवला. "वाचा. तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून सांगतो, सही आणि तारीखही बघा."

त्याने बघितली. तारीख परीक्षेच्या दुसऱ्याच दिवसाची होती. पार्सल त्यानंतर एका दिवसाने जिना उतरलं होतं.

चौथ्या वर्षाच्या कागदावर लिहिलं होतं, "ड्युटीवर येताच प्रथम काय, याचे उत्तर: सही." त्याखाली दोन रेघा. खात्रीभाऊ त्या दोन रेघांकडे बघत राहिला. त्या दिवशी तो जेवला नव्हता. त्या रेघा नसत्या तर त्याचा हात आठ वर्षं रोज त्या कॉककडे गेलाच नसता. परीक्षेतही गेला नसता. तोही एकतीस जणांसारखा काचेत बघून अर्धं म्हणाला असता आणि कायमचा हेल्पर राहिला असता. साहेबांसमोर डोळे पुसायची त्याला लाज वाटली नाही.

दुपारी सर्टिफिकेट मॅनेजरच्या टेबलावर गेलं. मॅनेजरने नंबर उतरवून घेतला आणि म्हणाला, "उद्या फ्रेम करून आणा, भिंतीवर दिसलं पाहिजे." वस्तादांनी किल्ली खिशातून काढली, त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ स्वतःच्या भाजलेल्या हाताने मिटली.

सगळं मिळालं. पण घराचा जिना चढताना त्याला ते पार्सल आठवलं. साहेब वह्यावाल्याला ओळखतच नव्हते. तारखाही सांगत होत्या. मग बायकोला जे बोललो ते? त्याला स्वतःची शिसारी आली.

बायको खिडकीशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तो तिच्यासमोर खाली बसला. "माझं चुकलं," तो म्हणाला. "फार चुकलं. त्याने कुणाला काही दिलं नव्हतं. मी मूर्ख आहे."

चार दिवसांनी ती पहिल्यांदा बोलली. "खात्री केली का?"

"केली. साहेबांना विचारून आलो."

"मला विचारून नाही झाली."

ती उठली, कपाटामागे हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते चपटं पार्सल त्याच्या मांडीवर ठेवलं. जगात कुणावर भरवसा न ठेवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या कपाटामागे आजवर एकदाही डोकावलं नव्हतं!

आत फ्रेम होती. साधी लाकडी, जुनी, कोपऱ्यांवर पॉलिश उडालेली, काच मात्र कोरी करकरीत.

"पहिल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी आणली," ती म्हणाली. "दुकानदार म्हणाला, परत घेणार नाही हं. मी म्हटलं, परत कोण करतंय? यंदा तुम्हीच पिशवी मारून काच फोडलीत. नवी काच घालायला भावाकडे दिली होती, सोमवारी जाऊन घेऊन आले. तुम्हाला कळलं असतं की अकरा वर्षं ही इथे पडून आहे, तर तुम्हाला वाईट वाटलं असतं, म्हणून वाटी म्हणाले."

खात्रीभाऊने फ्रेम उलटी केली. सवयच ती, मागची बाजू बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. मागच्या पुठ्ठ्यावर बायकोच्या अक्षरात पेन्सिलने तारखा लिहिलेल्या होत्या, एकाखाली एक. प्रत्येक परीक्षेची तारीख. पहिल्या अकरांवर बारीक रेघ मारलेली. बारावीवरही रेघ होती, तो तोंड पाडून आला त्या संध्याकाळची असणार. आणि तिच्याखाली तेरावी तारीख होती. पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्यातला दुसरा सोमवार.

त्याने ती दोनदा वाचली. मनात नको तरी पाल चुकचुकलीच.

"म्हणजे तुलाही वाटलं होतं," तो हळूच म्हणाला, "की मी या वेळीही नापासच होणार?"

बायकोने त्याच्या हातातून फ्रेम घेतली, पदराने काच पुसली आणि सर्टिफिकेटसाठी हात पुढे केला.

"पास-नापासाचं मला काय माहीत?" ती म्हणाली. "तुम्ही परत जाल, एवढं माहीत होतं."